जित्याची खोड आणि रिस्टार्टचं बटण

ओळखीपाळखीच्या लोकांत मला मशीनमधलं कळतं असा एक समज आहे, आणि तो मी आजवर मुद्दामच मोडलेला नाही. कोणाचा मोबाईल हँग झाला, लॅपटॉप चालता चालता थिजला, वायफायचे दांडे पूर्ण दिसतायत पण नेट काही चालत नाही, की फोन मला येतो. आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा माझ्याकडे औषध एकच असतं, बंद करून चालू करा.

परवा काकूंचा फोन आला.

"अरे, फोटोच उघडत नाहीयेत, नुसतं गोल गोल फिरतंय कधीचं."

"काकू, फोन बंद करून चालू केलात का?"

"केला ना. तीनदा केला."

"म्हणजे नक्की काय केलंत?"

"ते बाजूचं बटण दाबलं, काळा झाला, परत दाबलं, आला."

आता हे काही बंद करणं नाही, ह्यात मोबाईलने फक्त डोळे मिटले, आत सगळं चालूच होतं. मग त्यांच्याकडून खरंखुरं रिस्टार्ट करून घेतलं, दोन मिनिटांत फोटो उघडले आणि काकू म्हणाल्या, "तुला किती येतं रे सगळं!" मी गप्प बसलो, कारण मी काहीच केलं नव्हतं. म्हणजे विचार करून बघा, कंबर दुखते म्हणून डॉक्टरकडे गेलात आणि डॉक्टर म्हणाले की एकदा मरा आणि परत जन्माला या, बरं वाटेल, तर त्या डॉक्टरची पायरी आपण परत चढू का? मशीनच्या बाबतीत मात्र हाच इलाज शाळेतल्या पोरांपासून विमान कंपन्यांपर्यंत सगळे करतात (विमानवाले खरंच करतात, पुढे येतंय) आणि तो लागू पण पडतो. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, ही म्हण माणसांसाठी केलेली, पण शब्दशः बसते ती मशीनला.

का लागू पडतो ते समजायला एवढंच धरून चाला की मशीनच्या आत लिहायच्या दोन जागा असतात, एक पाटी आणि एक वही. तुम्ही फोटो काढला, कोणाचा नंबर सेव्ह केला, ते वहीत जातं, म्हणजे स्टोरेजमध्ये, फोन बंद केला तरी ते तिथेच राहतं. पण आत्ता या क्षणाला कुठलं ॲप उघडं आहे, तुम्ही कुठपर्यंत स्क्रोल केलंय, कोणत्या सर्व्हरशी, म्हणजे नेटवरच्या पलीकडच्या मोठ्या कॉम्प्युटरशी, बोलणं चाललंय आणि त्याचं उत्तर यायचं आहे की आलंय, हा सगळा कच्चा हिशोब पाटीवर चालतो, तिला रॅम म्हणायचं. वही असताना पाटी कशाला, तर पाटी फास्ट असते, वहीत शोधायला आणि लिहायला त्यामानाने फार वेळ जातो.

पण ही पाटी जरा विचित्र आहे, तिच्यावरची अक्षरं आपोआप पुसट होत जातात. रॅममधला एकेक बिट, म्हणजे पाटीवरचं एकेक अक्षर, हा एक इवलासा कपॅसिटर, वीज साठवणारी डबी, त्यात चार्ज असला तर एक, नसला तर शून्य, आणि हा कपॅसिटर गळका असतो. म्हणून मशीन सगळी पाटी ६४ मिलिसेकंदांच्या आत एकदा वाचून परत गिरवतं, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, तुम्ही हे वाचताय तेव्हाही ते गिरवणं चालूच आहे. वीज तोडली की गिरवणारा गेला आणि पाटी कोरी. नुसतं रिस्टार्ट केलं तर कधी कधी वीज तुटतही नाही, पण परिणाम तोच, जुन्या पाटीवर काय लिहिलं होतं ते न बघता मशीन पहिल्या ओळीपासून सगळं नव्याने मांडायला घेतं.

आता पाटी कोरी केली की बरं का वाटतं? कारण पाटीवर पसारा होतो. एखादं ॲप कामापुरता पाटीचा तुकडा मागून घेतं, काम झाल्यावर तो परत द्यायचा असतो, आणि प्रोग्रॅमरच्या हातून 'परत दे' ही ओळ कुठल्यातरी आडवळणाला राहून जाते. एका वेळी चार अक्षरांची जागा अडकली तर कोणाला कळणार आहे, पण तीच चूक दिवसातून लाख वेळा झाली की थेंबे थेंबे तळे साचते आणि आठवड्याभराने फोन गोगलगायीसारखा चालायला लागतो. याला मेमरी लीक म्हणतात. दुसरा प्रकार म्हणजे दोन प्रोग्रॅम एकमेकांसाठी अडून बसतात, याच्या हातात फाईल आहे आणि त्याला प्रिंटर हवाय, त्याच्या हातात प्रिंटर आहे आणि त्याला फाईल हवीय, तू आधी सोड मग मी सोडतो, असं करत दोघंही जगबुडी होईपर्यंत बसून राहतात, कारण कंटाळून उठून जाणं हे प्रोग्रॅमला कोणी शिकवलेलं नसतं. आपल्याला फक्त ते गोल गोल फिरणारं चक्र दिसतं. घरातला राऊटर, त्यातही अशीच एक यादी असते, कुठल्या मोबाईलचं बोलणं कुठल्या सर्व्हरशी चालू आहे त्याची, ती यादी भरली किंवा तिच्यात शिळ्या नोंदी अडकून बसल्या की दांडे पूर्ण आणि नेट शून्य.

आणि कधी कधी पसारा बाहेरून येऊन पडतो. २००३ साली बेल्जियममध्ये शारबेक नावाच्या भागात मतमोजणी करताना एका उमेदवाराला मिळणं शक्यच नाही एवढी मतं दिसली, परत मोजलं तर नेमकी ४०९६ मतं जास्त निघाली. हा आकडा कॉम्प्युटरवाल्यांना बघताक्षणी ओळखू येतो, दोनाचा बारावा घात, म्हणजे पाटीवरचा बरोबर एक बिट शून्याचा एक झाला होता. सॉफ्टवेअर तपासून तपासून त्यात चूक सापडली नाही, शेवटी संशय गेला तो अवकाशातून येणाऱ्या किरणांवर. एखादा कण येऊन रॅमच्या नको त्या जागी आपटला असणार, असा. सिद्ध काही झालं नाही, पण असे बिट उलटतात हे पक्कं माहीत असलेलं आहे, म्हणूनच मोठ्या सर्व्हरमध्ये चूक पकडून दुरुस्त करणारी महागडी रॅम घालतात. तुमच्या-आमच्या फोनमध्ये बहुतेक वेळा ती चैन नसते.

पण हे सगळं नुसतं पसाऱ्याचं वर्णन झालं. मला विचाराल तर खरं उत्तर एका वेगळ्याच गोष्टीत आहे आणि ते मला स्वतःला फार उशिरा कळलं. बघा, कुठलंही सॉफ्टवेअर बनवताना ते हजारो वेळा चालू करून बघितलं जातं. बदल केला, चालू केलं, बघितलं, बंद केलं, परत बदल, परत चालू. म्हणजे चालू झाल्यापासूनचा पहिला थोडा वेळ हा सगळ्यात जास्त तुडवलेला रस्ता असतो, त्यातले खड्डे केव्हाच बुजवलेले असतात. पण नऊ दिवस चालू, मधे दोनशे वेळा नेट तुटलंय, एक अपडेट अर्धवट राहिलंय, तीस ॲप मागे पडून आहेत, आणि त्याच क्षणी फोन येतो आणि बॅटरी पाच टक्क्यांवर येते, हा रस्ता कोणीच चाललेलं नसतं. तुम्ही पहिले. रिस्टार्ट म्हणजे रानात भरकटलेल्या मशीनला धरून मळलेल्या वाटेवर परत आणून सोडणं. मशीन दुरुस्त होत नाही हं, खड्डा जिथे होता तिथेच आहे, फक्त तुम्ही परत त्याच क्षणी त्याच पावलाने त्यात पडण्याची शक्यता कमी.

हे जिम ग्रे नावाच्या कॉम्प्युटर शास्त्रज्ञाने १९८५ मध्येच नीट मांडून ठेवलंय. तो तेव्हा टँडम कंपनीत होता, ही कंपनी कधीही बंद पडू नयेत अशी मशीन बनवायची. त्याचं म्हणणं, बग, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुका, दोन जातीचे. एक सरळमार्गी, अमुक केलं की दर वेळी तमुक बिघडणार, हे टेस्टिंगमध्येच पकडले जातात. दुसरे लपंडाव खेळणारे, बघायला गेलं की गायब, आणि लोकांच्या हातात पोचलेल्या सॉफ्टवेअरमध्ये उरतात ते जास्त करून हेच. त्यांना हायझेनबग म्हणतात, भौतिकशास्त्रातल्या हायझेनबर्गच्या नावावरून. यांची गंमत अशी की पाटी पुसून तेच काम परत करायला सांगितलं की ते बहुतेक वेळा निमूटपणे होतं. "तुम्ही आल्यावर कसं चालतं हो हे" असं दुरुस्तीवाल्याला आपण म्हणतो ना, तो पुष्कळदा हायझेनबगच.

लांब रस्ता कोणी चाललेलं नसतं याची सगळ्यात साधी उदाहरणं घड्याळाची आहेत. मशीन चालू झाल्यापासून किती वेळ झाला हे ते आत मोजत असतं, आणि मोजायला पाटीवर ठरावीक घरं दिलेली असतात. गाडीच्या किलोमीटरच्या आकड्यासारखं, सगळे नऊ झाले की परत शून्य. विंडोज ९५ मध्ये हे मोजमाप मिलिसेकंदात होतं, ३२ बिटांत, म्हणजे साधारण ४२९ कोटी मिलिसेकंद, दिवसांत ४९.७. तेवढे दिवस सलग चालू ठेवलं की कॉम्प्युटर गपकन अडकायचा. ही चूक बाहेर यायला काही वर्षं गेली, आणि त्याचं कारण सगळे हसून एकच देतात, विंडोज ९५ सलग ४९ दिवस बंद न पडता चाललेलं बघायला तर मिळालं पाहिजे!

विमानाचं म्हणालो होतो ते हे. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने बोईंग ७८७ साठी आदेश काढला, या विमानाची वीज सलग २४८ दिवस चालू राहिली तर जनरेटर सांभाळणारे सगळे कंट्रोलर एकदम स्वतःला बंद करून घेऊ शकतात, अगदी हवेत असताना सुद्धा, म्हणून त्याआधी एकदा बंद करून चालू करा. हिशोब करून बघा, सेकंदाचे शंभर भाग करून ३१ बिटांत मोजलं तर बरोबर २४८ दिवसांनी घरं भरतात. एअरबस ए३५० साठी पण २०१७ मध्ये असाच आदेश निघाला होता, तिथे मुदत १४९ तासांची होती. काकूंना मी जे सांगतो तेच, फक्त सरकारी कागदावर.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी न्यायची नाहीये. १९९१ च्या आखाती युद्धात सौदी अरेबियात धहरान इथे अमेरिकेची पॅट्रियट यंत्रणा लावलेली होती, येणारं स्कड क्षेपणास्त्र रडारवर हेरून हवेतच पाडायचं तिचं काम. तिचं आतलं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजायचं आणि मग त्याचे सेकंद करायला त्या आकड्याला एक दशांशने गुणायचं. आता आपल्या दशमान पद्धतीत एक तृतीयांश लिहायला गेलं की ०.३३३ करत कधी संपतच नाही, तसं कॉम्प्युटरच्या शून्य-एकच्या भाषेत एक दशांश संपत नाही. २४ बिटांत बसवायला तो कुठेतरी तोडावा लागतो. तोडल्यामुळे होणारी चूक सेकंदाच्या एक कोटीव्या भागाहूनही थोडी कमी, कोण लक्ष देतं! पण ती दर दशांश सेकंदाला साचत जाते. ही यंत्रणा मुळात काही तास एका जागी चालवायची, मग हलवायची, या हिशोबाने बनवलेली होती, तिथे ती शंभर तासांहून जास्त वेळ सलग चालू ठेवलेली होती. शंभर तासांत घड्याळ चुकलं किती, तर सेकंदाचा एक तृतीयांश. स्कड सेकंदाला दीड किलोमीटरच्या वर जातं, म्हणजे रडार अर्ध्या किलोमीटरहून जास्त लांब, भलत्याच जागी त्याला शोधत बसलं, तिथे काही दिसलं नाही, म्हणून पॅट्रियट सुटलंच नाही. २५ फेब्रुवारीला ते स्कड सैनिकांच्या बराकीवर पडलं आणि २८ जण गेले.

आणि यातली चटका लावणारी बाब अशी की चूक माहीत झालेली होती. इस्रायलने दोन आठवडे आधी कळवलं होतं की जास्त वेळ चालू ठेवलं की नेम सरकतो. त्यावरून यंत्रणा चालवणाऱ्यांना सूचना गेली की फार जास्त वेळ चालू ठेवू नका, पण फार जास्त म्हणजे किती तास ते त्यात लिहिलेलंच नव्हतं. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर धहरानला पोचलं २६ तारखेला. बंद करून चालू करायला मिनिट-दीड मिनिट लागलं असतं.

म्हणून शहाण्या इंजिनिअर लोकांनी एक धडा केव्हाच घेतलाय, मशीन अडणारच, तर मग त्याचं त्यालाच रिस्टार्ट होता आलं पाहिजे, काकू किंवा पुतण्या जवळ असो नसो. त्यासाठी आत एक वेगळा टायमर बसवतात, त्याला वॉचडॉग म्हणतात. राखणीच्या कुत्र्यासारखाच आहे पण सवय जरा उलटी, मुख्य प्रोग्रॅमने दर थोड्या वेळाने येऊन त्याला थोपटायचं, मी जागा आहे रे, सगळं ठीक आहे. थोपटायला कोणी आलं नाही की हा भुंकत वगैरे बसत नाही, सरळ चावतो, म्हणजे पूर्ण मशीन रीसेट. तुमच्या राऊटरमध्ये, गाडीतल्या कंट्रोलरमध्ये, अशा कितीतरी ठिकाणी हा कुत्रा बसलेला असतो आणि आपल्याला पत्ताही नसतो.

मंगळावर गेलेलं पाथफाइंडर यान या कुत्र्यामुळेच वाचलं. १९९७ च्या जुलैमध्ये उतरलं, काम सुरू झालं आणि मधेच आपणहून रीसेट व्हायला लागलं. झालेलं असं की हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या एका किरकोळ कामाने एक सामाईक वस्तू हातात धरून ठेवली होती, सर्वात महत्त्वाच्या कामाला तीच हवी होती म्हणून ते थांबलं, आणि किरकोळ कामाला ती सोडायला सवडच मिळेना कारण मधल्या दर्जाची कामं त्याच्या पुढे पुढे घुसत होती. थोडक्यात साहेब शिपायासाठी खोळंबला आणि शिपायाला कारकून सोडेनात. वॉचडॉगने बघितलं महत्त्वाचं काम वेळेत झालेलं नाही, चावला. इकडे पृथ्वीवर तशाच दुसऱ्या यानावर तो बग परत घडवून शोधला, आणि दुरुस्ती रेडिओने वर पाठवली.

पण या कलेतले उस्ताद म्हणजे अपोलो ११ वाले. २० जुलै १९६९, चंद्रावर उतरता उतरता कॉम्प्युटर १२०२ नावाचा अलार्म देतोय, अर्थ असा की मला झेपेल त्यापेक्षा जास्त काम आलंय. एका रडारचा नको असलेला सिग्नल त्याचा वेळ खात होता. तो कॉम्प्युटर त्या उतरण्याच्या मिनिटांत एकापेक्षा जास्त वेळा रिस्टार्ट झाला आणि यान तरीही नीट उतरलं, कारण मार्गारेट हॅमिल्टन यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या त्या सॉफ्टवेअरमध्ये महत्त्वाची कामं कुठवर आली याची नोंद बाजूला ठेवायची सोय होती. रिस्टार्ट झालं की बिनमहत्त्वाचं गळून पडायचं आणि यान उतरवायचं काम जिथल्या तिथून पुढे सुरू. माझा लॅपटॉप आज रिस्टार्ट झाला की मी उघडून ठेवलेली पानंसुद्धा त्याला धड आठवत नाहीत, असो.

आता कुठे हे औषध चालत नाही ते. चूक वहीत असेल तर पाटी कितीही पुसा, मशीन उठणार, वही उघडणार, तीच चूक वाचणार आणि पहिले पाढे पंचावन्न. मंगळावरच, पण २००४ मध्ये, स्पिरिट नावाच्या गाडीचं असं झालं. तिच्या फ्लॅश मेमरीत, म्हणजे वहीत, फाईली फार साठल्या होत्या, त्या सगळ्यांची यादी पाटीवर मावेना, मावेना म्हणून रीसेट, उठली की परत तीच यादी मांडायला घेणार, परत रीसेट. साठहून जास्त वेळा. रात्री झोपायची ती झोपेना आणि बॅटरी उतरत चालली. शेवटी इंजिनिअर लोकांनी तिला सांगितलं की वही न उघडताच चालू हो, मग ती शुद्धीवर आली, जादा फाईली काढल्या आणि नव्वद दिवसांसाठी पाठवलेली ती गाडी पुढे २०१० पर्यंत बोलत राहिली. तुमचा फोन कंपनीचा लोगो दाखवून परत परत त्याच लोगोवर येतो तेव्हा बहुधा त्याची स्पिरिट झालेली असते, आणि सेफ मोड नावाची जी भानगड असते ती म्हणजे हेच, वहीतली पुष्कळशी पानं न उघडता उठणं. प्रिंटरचं पण असंच, आपण प्रिंटर दहा वेळा बंद-चालू करतो आणि अडकलेला छपाईचा हुकूम बसलेला असतो कॉम्प्युटरच्या रांगेत, प्रिंटर बिचारा उठला रे उठला की तोच हुकूम परत येऊन डोक्यात बसतो. रांग रिकामी करा किंवा रिस्टार्ट कॉम्प्युटर करा.

बंद म्हणजे खरंच बंद झालं का, हाही एक घोळ आहे. काकूंचं बघितलंच. रिमोटने बंद केलेला टीव्ही बंद नसतो, पडून ऐकत असतो. आणि विंडोजमध्ये तर आठव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून, गंमतच आहे, फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊन केल्यावर तो तुमची ॲप बंद करतो पण स्वतःच्या गाभ्याची पाटी जशीच्या तशी वहीत उतरवून ठेवतो आणि सकाळी परत तीच काढतो, लवकर चालू व्हावं म्हणून. म्हणजे रोज रात्री इमानदारीत शटडाऊन करणाऱ्या माणसाच्या मशीनमध्ये पंधरा दिवसांचा जुना पसारा असू शकतो, आणि जो फक्त रिस्टार्ट दाबतो त्याची पाटी खरी कोरी होते. मला हे कळल्यावर फसवल्यासारखं वाटलं होतं. शिफ्टचं बटण धरून शटडाऊन केलं तर मात्र पूर्ण बंद होतो.

राऊटर बंद करून दहा सेकंद थांबा असं सांगतात त्यालाही अर्थ आहे, आतल्या कपॅसिटरमध्ये वीज थोडा वेळ उरते, प्लग काढल्यावर लाईट हळूहळू विझतो तेव्हा ते दिसतंच. रॅमची अक्षरं पण लगेच जात नाहीत, २००८ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी दाखवून दिलं की वीज तोडल्यावरही काही सेकंद ती वाचता येतात आणि चिप थंडगार केली तर कितीतरी जास्त वेळ. उलट अपडेट चालू असताना, पेनड्राईव्हवर कॉपी चालू असताना प्लग उपटायचा नाही, तेव्हा मशीन वहीत लिहित असतं, अर्ध्या शब्दावर हात ओढला तर ते पान गेलं.

राहिला मारण्याचा विषय. जुन्या टीव्हीला वरून एक थाप दिली की चित्र यायचं, ते काही उगाच नव्हतं, आतले व्हॉल्व्ह, म्हणजे बल्बसारख्या काचेच्या नळ्या, खाचेत सैल व्हायचे, कुठे डागाचा जोड सुटलेला असायचा, धक्क्याने परत टेकायचे. आजच्या फोनमध्ये सैल होण्यासारखं फार काही उरलेलं नाही, तरी हात जातोच. आणि आपण मशीनला रुसलं, अडलं, हट्टाला पेटलं म्हणतो ते काही अडाणीपणाने नाही, नव्वदीच्या दशकात स्टॅनफर्डच्या क्लिफर्ड नास यांनी प्रयोग केले होते, लोकांनी एका कॉम्प्युटरवर काम केलं आणि मग कॉम्प्युटरनेच त्यांना विचारलं की त्या कॉम्प्युटरने कसं काम केलं. त्याच कॉम्प्युटरने विचारलं तर लोक गोड बोलायचे, दुसऱ्या कॉम्प्युटरवर विचारलं की जरा खरं बोलायचे. म्हणजे समोरच्याचं मन दुखवायला नको! आणि ही सगळी कॉम्प्युटर रोज वापरणारी माणसं होती.

एक तोटा मात्र या औषधाचा आहे. पाटी पुसली की पुरावापण पुसला जातो. नेमकं काय अडलं होतं, कोण कोणासाठी थांबलं होतं, ते त्या पाटीवरच लिहिलेलं असतं, म्हणून मोठ्या सिस्टीम सांभाळणारे लोक रिस्टार्टच्या आधी शक्य असेल तर पाटीची नक्कल उतरवून घेतात. आपल्याला एवढं काही करायला नको, पण तोच बिघाड दर दोन दिवसांनी येत असेल तर बंद करायच्या आधी स्क्रीनवर जो काही मेसेज किंवा नंबर आलाय त्याचा फोटो काढून ठेवा, दुरुस्ती करणाऱ्याचा अर्धा दिवस वाचतो. काकूंना मी हे सांगून ठेवलं होतं. काल त्यांनी आठवणीने काकांच्या फोनवरून फोटो पाठवला, स्क्रीन स्वच्छ दिसतेय, मेसेजची पहिली ओळ दिसतेय, आणि बरोबर एररच्या नंबरवर काकांचा अंगठा आलाय. तोपर्यंत त्यांनी फोन बंद करून चालू केलेला होता.